विश्लेषण : केस विरळ होताना टाळू का दुखते? ‘झोंबतंय म्हणजे गुण येतोय’ हे कितपत खरं?

पंजाबमधल्या संगरूर शहरात १६ मार्च २०२५ रोजी एका मंदिरात टक्कल घालवण्याचं शिबिर भरलं होतं. लोकांनी डोक्याला तेल चोळून घेतलं, नंतर डोकं धुतलं आणि डोळ्यांची आग सुरू झाली. ६५ हून जास्त जणांना डोळे लाल होऊन, सुजून रुग्णालयात जावं लागलं. पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. त्याआधी तीनच महिने, डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मेरठमध्ये असंच शिबिर झालं होतं. तिथे लोकांनी डोक्याला खाज सुटल्याची तक्रार केली आणि आयोजकांना अटक झाली.

दोन्हीकडे रांगा लावणारे बहुतेक पुरुषच होते. ‘लोक इतके भोळे कसे?’ असं म्हणून आपण रील पुढे सरकवतो. पण केस जाऊ लागलेल्या माणसाला एखादं औषध झोंबलं की बरं का वाटतं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी टाळूच्या दुखण्याबद्दल बोलावं लागेल, आणि त्यावर पुरुष सहसा बोलत नाहीत.

केस जाताना दुखतं का?

पुरुषांमधलं नेहमीचं टक्कल, म्हणजे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारे आणि भोवऱ्यापाशी विरळ होणारे केस, हे सहसा न दुखता येतं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. ज्यांच्या केसांची मुळं आनुवंशिकतेने त्याला संवेदनशील असतात, त्यांचे केस दर फेरीत आधीपेक्षा बारीक उगवतात. यात वर्षं जातात. एक दिवस लग्नाचा फोटो बघताना लक्षात येतं, इतकं ते हळू असतं.

तरीही काही जणांची टाळू दुखते. केसांवरून हात फिरवला तरी ठणकते, भांग दुसऱ्या बाजूला पाडला की टोचल्यासारखं होतं, उशीवर डोकं टेकलं की आग होते. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘ट्रायकोडायनिया’ म्हणतात. हा शब्द १९९६ मध्ये इटालियन त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेदो रेबोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला. झुरिकमधल्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये केसांच्या तक्रारी घेऊन आलेल्या ४०३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात २० टक्के स्त्रियांनी आणि ९ टक्के पुरुषांनी केस दुखत असल्याचं सांगितलं.

पुरुषांचा आकडा कमी आहे. तो खरंच कमी आहे की ‘केस दुखतात’ असं म्हणायला पुरुषांना लाज वाटते, हे आकड्यावरून कळत नाही. माझा कौल दुसऱ्या शक्यतेला.

त्याच पाहणीतला दुसरा निष्कर्ष जास्त कामाचा आहे. केस कशामुळे आणि किती वेगाने गळतायत, याच्याशी दुखण्याचा संबंध आढळला नाही. म्हणजे जास्त दुखतंय म्हणून जास्त केस जाणार असं नाही, आणि दुखणं थांबलं म्हणून गळती थांबली असंही नाही. कोविडनंतर ज्यांचे केस मूठमूठ गळले, त्यांच्यातही टाळू दुखल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात नोंदवल्या गेल्या. टाळू दुखणाऱ्या काही रुग्णांमध्ये चिंता आणि नैराश्यही आढळलं आहे. याचा अर्थ ‘सगळं मनाचे खेळ’ असा घेऊ नका. टाळूत मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि वेदना पोहोचवणारा ‘सबस्टन्स पी’ हा घटक यात सामील असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

मग ‘इन्फ्लमेशन’चं काय?

सध्या शाम्पू, सीरम आणि गोळ्यांच्या जाहिरातींत हा शब्द सर्रास दिसतो. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. टक्कल पडणाऱ्या डोक्याच्या त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर अनेकांच्या केसांच्या मुळांभोवती दाहाच्या पेशी गोळा झालेल्या दिसतात. पुढे तिथे बारीक व्रणासारखा तंतुमय थरही बनतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००० मध्ये यासाठी ‘सूक्ष्मदाह’ या अर्थाचा शब्द वापरला. मोठ्या, केसांची मुळं जाळून टाकणाऱ्या दाहापेक्षा हा वेगळा, मंद आणि न दुखणारा आहे, हे सांगण्यासाठीच तो शब्द होता. जाहिरातींत नेमकं हेच गाळलं जातं.

या सूक्ष्मदाहाचा उपचारांवर मात्र परिणाम दिसतो. मिनॉक्सिडिल वापरणाऱ्या पुरुषांच्या एका जुन्या अभ्यासात, दाह आणि तंतुमय थर नसलेल्या ७७ टक्के जणांचे केस परत उगवले. ज्यांच्यात तो होता, त्यांच्यात हे प्रमाण ५५ टक्के होतं. पण हा दाह डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही. फोनवर टाळूचा फोटो पाठवून तो कुणी ओळखून देईल, यावर विश्वास ठेवू नका.

दुखणं नेमकं येतं कुठून?

बऱ्याचदा शेजारच्या गोष्टीतून. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे तेलकट कोंडा. त्वचेवरची मॅलॅसेझिया ही बुरशी त्याला हातभार लावते. खाज, लाली आणि आग होते. केस विरळ असतील तर ऊनही थेट टाळूला भाजतं.

दुसरं कारण म्हणजे औषधच. मिनॉक्सिडिलच्या द्रावणात बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल असतं आणि अनेकांना ते झोंबतं. खाज, खपल्या, लाली येते. डॉक्टर अशा वेळी बहुतेकदा फेस स्वरूपातलं औषध देतात, कारण त्यात हा घटक सहसा नसतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२५ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या, फिनास्टेराइड मिसळलेल्या लेपांबद्दल इशारा दिला. त्यातही लावलेल्या जागी आग होणं, लाली आणि कोरडेपणा यांचा उल्लेख होता. घरगुती उपायांत कांद्याचा रस, लसूण आणि मोहरीचं तेल असतं. ते झोंबतं, त्वचा लाल होते, आणि ‘रक्ताभिसरण वाढलं’ असं आपण समजतो. खरं तर ती त्वचेची तक्रार असते. केसांचं मूळ झोंबण्याने जागं होत नाही. मिनॉक्सिडिल ज्यांना झोंबत नाही, त्यांनाही लागू पडतं.

त्यावरचा आपला लाडका उपाय आणखी वाईट. मेडिकलवाल्याला विचारून स्टेरॉइडचं क्रीम आणायचं. दोन दिवसांत आग थांबते, म्हणून महिनोन्‌महिने चोळलं जातं. त्याने त्वचा पातळ होते आणि बुरशीचा संसर्ग असेल तर तो दबून पसरतो.

थांबू नये असं कधी?

पुवाचे फोड, मानेवर केसांच्या कडेला कडक गाठी, खपल्यांखाली गुळगुळीत चकाकणारा चट्टा, किंवा एकाच जागी सतत ठणका. व्रण सोडणारे काही आजार असे सुरू होतात. त्यात केसांचं मूळच नष्ट होतं आणि तिथे पुन्हा केस येत नाहीत. इथे दुखणं ही खरोखर घाईची सूचना असते. सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविकार विभागात साधी तपासणी आणि गरज पडली तर बायोप्सी होते. सहा महिन्यांच्या ‘हेअर किट’पेक्षा ती स्वस्त पडते.

आणि खाज सुटून काही दिवसांतच केस मुठीत येऊ लागले, तर तो नेहमीच्या टकलाचा प्रकार नाही. बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये हेच घडलं. पुरुष, बायका, मुलं सगळ्यांचे केस गेले. सुरुवातीला पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तातलं, लघवीतलं आणि केसांतलं सेलेनियम वाढल्याचं सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. तिथेही सुरुवातीला गावकऱ्यांनी शाम्पूलाच दोष दिला असता, तर पुढच्या तपासण्या झाल्याच नसत्या.