घरचें विमान

देगलूरच्या बाजारांत मला अजून नांवानें कोणी ओळखीत नाहीं. मास्तर म्हणूनच ओळखतात. गेल्या वर्षीं चैत्रांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें रस्त्यांत थांबवून विचारलें, "मास्तर, तुमच्या पुतण्यानें म्हणे विमान घेतलें! मग त्याला हवा कोण भरतो?" प्रश्न थट्टेचा खरा, परंतु मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें दोन महिन्यांनीं आमच्या वहिनींस सोबत म्हणून मी पुतण्याकडे अमेरिकेंत, टेक्सास संस्थानांत, सहा आठवडे राहून आलों आणि त्या विमानाचें पोट उघडलेलें डोळ्यांनीं पाहिलें. तेव्हां आतां त्या विद्यार्थ्यास आणि वाचकांसहि सांगण्यासारखें माझ्यापाशीं थोडेंबहुत आहे.

मी आयुष्यभर संस्कृत शिकविलें. विमान म्हटलें कीं आम्हां लोकांस आधीं पुष्पक आठवावयाचें. पुष्पकाची मोठी सोय अशी कीं, स्वाराच्या मनांत आलें कीं तें निघे. त्यास तेल लागे, प्लग लागे, असें कोठें वाचलेलें नाहीं. भारद्वाजांच्या नांवावर 'वैमानिकशास्त्र' म्हणून एक संस्कृत ग्रंथ दाखविला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं १९७४ सालीं तो तपासून निर्णय दिला कीं, त्यांतील यंत्रें उडणें शक्य नाहीं आणि ग्रंथहि विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. मला त्याचें दुःख झालें नाहीं. त्याची भाषा वाचूनच शंका येते. असो. पुतण्याचें विमान मनोवेगानें चालणारें नव्हतें, हें मला पहिल्याच दिवशीं कळलें.

विमान सेस्ना १७२ या जातीचें. एक एंजिन, चार बैठका, पंख डोक्यावर. ही जात १९५५ सालीं प्रथम उडाली, आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमानें तींत निघालीं. पुतण्याचें विमान १९७० नंतरच्या दशकांतलें, म्हणजे त्याच्याहून वयानें मोठें. तिघां मित्रांनीं भागीदारींत घेतलेलें. इतकें जुनें यंत्र घेऊन आकाशांत जावयाचें, हें ऐकून वहिनींनीं महिनाभर जप वाढविला होता. परंतु विमानाचें वय आणि मोटारीचें वय एका मापानें मोजतां येत नाहीं, हें मला तेथें समजलें. प्रत्येक एंजिनाची व सांगाड्याची वही असते. कोणता भाग केव्हां काढला, कोणीं बसविला, किती तास चालला, तें सर्व सहीनिशीं त्यांत लिहिलेलें. आमच्या शाळेच्या हजेरीपटापेक्षां ती वही मला अधिक विश्वासाची वाटली.

आतां साजाविषयीं. नवें घर घेतल्यावर माणूस जसा आधीं दिवाणखाना सजवितो व मग मोरीचा विचार करतो, तसें या तिघांनीं केलें होतें. आधीं मार्ग दाखविणारा मोठा रंगीत पडदा घेतला, उत्तम कर्णयंत्रें घेतलीं, बैठकांस नवें कातडें चढविलें. कोळशाच्या धुराचा विषारी वायु ओळखणारें यंत्र मात्र सर्वांच्या शेवटीं आणि सर्वांत स्वस्त म्हणून घेतलें. या विमानांत थंडीच्या वेळीं ऊब मिळते ती एंजिनाच्या धुराच्या नळकांड्याभोंवतीं फिरवून आणलेल्या हवेनें. त्या नळकांड्यास बारीक चीर पडली तर तो वायु आंत येतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि वैमानिकास झोंप आल्यासारखें वाटूं लागतें. बंद खोलींत शेगडी ठेवून निजलेल्या माणसांच्या गोष्टी आपण ऐकतों, त्यांतलाच हा प्रकार. मला विचाराल तर कातड्याच्या बैठकांच्या आधीं हें यंत्र घ्यावयास हवें होतें. अपघात झाल्यास आपोआप हांक मारणारा बिनतारी संदेशक हीहि अशीच एक न दिसणारी वस्तु. जुन्या पद्धतीच्या संदेशकांची हांक उपग्रहांनीं १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकणें सोडलें. जुना संदेशक बसलेला असेल तर तो ओरडतो, पण वरून ऐकणारें कोणी नसतें. पुतण्यानें तो बदलून घेतला होता, हें समाधान.

आणि घेतलेल्या प्रत्येक वस्तूचें वजन कागदावर चढतें. हें विमान पेट्रोल व माणसें धरून एक हजार त्रेचाळीस किलोंहून जड झालेलें चालत नाहीं. रिकाम्या विमानांत जितकें भराल तितकें माणसांच्या वांट्याचें कमी. एवढेंच नव्हे तर वजन पुढें किती, मागें किती, हाहि हिशेब. मागें फार झालें तर विमानाचें शेपूट सांवरत नाहीं. सबब बसणाऱ्यांस तोलावें लागतें. वहिनींस कांट्यावर उभें राहावयास सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "मी काय गुळाची ढेप आहें?" तरी राहिल्या उभ्या. त्यांच्या पिशवींतील पितळी डबाहि तोलला गेला.

उड्डाणापूर्वीं पुतण्या विमानास प्रदक्षिणा घालतो, तीं कामें आमच्या खेड्यांतील माणसासहि सहज कळावींत अशीं आहेत. पंखांखालच्या तोट्यांतून थोडें पेट्रोल काचेच्या नळींत काढून उजेडांत धरावयाचें. या पेट्रोलास निळा रंग मुद्दाम घातलेला असतो. पाणी शिरलें असेल तर तें जड म्हणून तळाशीं बिनरंगी थेंब होऊन बसतें. आमच्याकडे पूर्वीं रॉकेलच्या पिंपांत पाणी उतरलें कीं ऐन आरतीच्या वेळीं गॅसबत्ती फडफडे, तें मला आठवलें. बत्ती विझली तर कोणी तरी काडी ओढतो. आकाशांत तशी सोय नाहीं. पंखाखालीं एक बारीक नळी असते, तिच्यांत शिरणाऱ्या वाऱ्याच्या दाबावर वेग मोजला जातो. तिच्या तोंडांत कुंभारमाशी मातीचें घर करते. तीच माशी, जी आमच्या देवघराच्या चौकटींत करते! म्हणून नळीस तांबड्या फितीचें झांकण असतें. तें घालावयाचें विसरलें तर माशीचें फावतें, आणि काढावयाचें विसरलें तर वेगाचा कांटा हालत नाहीं. कार्बुरेटरांत बर्फ धरतें, हेंहि मला प्रथम खरें वाटेना. पण माठांतलें पाणी कां गार होतें, हें मुलांना शिकविणाऱ्यास आश्चर्य वाटावयाचें कारण नव्हतें; पेट्रोलाची वाफ होतांना तसाच गारवा उत्पन्न होतो, आणि हवा दमट असली तर उन्हाळ्यांतहि आंत बर्फ बसतें.

वहिनींना विमानांतून फिरवून आणावयाचें, असें पुतण्यानें तीन आठवडे घोकलें होतें. दादा हयात असतांना त्यांना तसें वचनहि दिलेलें होतें, तें राहून गेलें. ठरल्या सकाळीं वहिनी नऊवारी नेसून, डब्यांत दशम्या घेऊन पुढच्या बैठकीवर बसल्या. मी मागें. धावपट्टीच्या टोकाशीं पुतण्यानें विमान थांबवून एंजिन मिनिटास सतराशें फेऱ्यांवर आणलें.

येथें थोडें विवरण हवें. या एंजिनास चार सिलिंडर, आणि प्रत्येकास एक नव्हे तर दोन प्लग. ठिणगी पाडणारीं मॅग्नेटो यंत्रेंहि दोन. त्यांस बॅटरी लागत नाहीं, एंजिन फिरतें आहे तोंवर तीं आपली वीज आपण करतात. एक बिघडलें तरी दुसऱ्यावर घरीं येतां यावें, असा हेतु. उडण्यापूर्वीं दोन्ही आळीपाळीनें बंद करून पाहतात. एकावर चालतांना फेऱ्या थोड्या घटतात. त्या सव्वाशेंहून अधिक घटूं नयेत, आणि दोहोंतला फरक पन्नासांवर जाऊं नये, असा त्या विमानाच्या पुस्तकांतला नियम. डाव्यावर सत्तर घटल्या. उजव्यावर अडीचशें घटल्या आणि सबंध विमान हिंवताप भरल्यासारखें थरथरलें.

याचें नेहमींचें कारण साधें असतें. या पेट्रोलांत शिसें असतें, तें खालच्या प्लगांवर सांठतें. मिश्रण पातळ करून एंजिन मिनिटभर जोरानें चालविलें कीं पुष्कळदां जळून जातें. पुतण्यानें तसें केलें. घट दीडशेंवर आली, थरथर राहिली. भागीदारांपैकीं एक बाहेर उभा होता, त्यानें खुणेनें सांगितलें, "चालेल, असें होतें." पुतण्या क्षणभर तसाच बसला. मग त्यानें विमान वळवून परत आणलें व एंजिन बंद केलें. वहिनी एक शब्द बोलल्या नाहींत. मी मात्र बोललों. चार दिवसांनीं आमचें परतीचें निघणें होतें. पंचवीस फेऱ्यांसाठीं म्हाताऱ्या बाईला काय निराश करावयाचें, असें मी म्हणालों. तें माझें बोलणें आजहि मला बोंचतें.

प्लगवरून आठवण झाली. १९२९ सालीं आगाखानांनीं हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें एकट्यानें उडणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास पांचशें पौंडांचें बक्षीस लावलें होतें. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, आणि सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीयर इंग्लंडहून. दोघांचीं विमानें जिप्सी मॉथ. वाटेंत मिसर देशांत अबूकीर येथें टाटा उतरले, तों अस्पी तेथें प्लगावांचून अडकून पडलेला. टाटांनीं आपल्याजवळचे प्लग काढून त्यास दिले. अस्पी कांहीं तासांच्या अंतरानें आधीं पोंचला व बक्षीस त्यानें घेतलें. पुढें तो देशाच्या वायुदलाचा प्रमुख झाला, आणि टाटांनीं १९३२ च्या ऑक्टोबरांत कराचीहून टपाल घेऊन विमान जुहूस उतरविलें.

आमचा प्लग शोधण्याची रीत पाहण्यासारखी होती. कारागिरानें एंजिन फक्त वाईट मॅग्नेटोवर थोडा वेळ चालवून बंद केलें आणि कोणता सिलिंडर गार आहे तें उष्णतामापकानें पाहिलें. तिसरा गार. त्याचा खालचा प्लग काढला. शिसें फारसें नव्हतें. भिंगांतून पाहतां आंतल्या पांढऱ्या चिनी मातीस केंसासारखी चीर. कारागीर म्हणाला, हा प्लग खालीं पडलेला आहे. पडलेला प्लग दिसावयास धड असला तरी टाकून द्यावयाचा, हा त्या धंद्यांतला पाठ आहे. अशी चीर वाढली तर तो भाग निखाऱ्यासारखा तापून पेट्रोल अवेळीं पेटवितो, आणि पुढें पिस्टनास भोंक पडण्यापर्यंत पाळी येते. म्हणजे त्या सकाळीं घट दीडशेंवर असतांना आम्ही उडालों असतों तर काय झालें असतें, हें कोणीहि खात्रीनें सांगूं शकत नाहीं.

त्या देशांत मालकास प्लग काढून साफ करण्याची मोकळीक आहे. (आपल्याकडे परवानाधारक अभियंत्याच्या सहीवांचून विमान दुरुस्त झालें असें धरीत नाहींत.) महिन्यापूर्वीं प्लग साफ केले होते ते पुतण्यानेंच. कारागिरानें विचारण्याआधींच तो म्हणाला, "माझ्या हातून पडला होता. पुसून पुन्हां बसविला. कोणाला सांगितलें नाहीं." एका प्लगाची किंमत वांचवावी म्हणून नव्हे, तर भागीदारांपुढें आपण धांदरट ठरूं म्हणून. संध्याकाळीं त्यानें हें आईला सांगितलें. वहिनी म्हणाल्या, "बरणीसारखेंच." नऊ वर्षांचा असतांना त्यानें लोणच्याची चिनी बरणी फोडून डिंकानें चिकटवून फळीवर ठेवली होती, तीन दिवसांनीं तेल गळलें तेव्हां उघडकीस आलें. चाळीस वर्षांपूर्वींची ती गोष्ट वहिनींना कालच्यासारखी ठाऊक.

नवे प्लग येईपर्यंत दोन दिवस घरांत बोलणें थोडेंच होतें. मग मीं अमोल यादवांची हकीकत काढली. वाचकांस ती ठाऊक असेल. मुंबईंत कांदिवलीच्या चारकोपांत, एकत्र कुटुंबाच्या घराच्या गच्चीवर, या वैमानिक गृहस्थांनीं सहा बैठकांचें विमान बांधलें. लेथ, जोडकामाचीं यंत्रें आणि परदेशाहून आणविलेलें जड एंजिन अरुंद जिन्यानें वर चढविलें. २०१६ च्या फेब्रुवारींत तें मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. नोंदणी मिळाली ती २०१७ च्या नोव्हेंबरांत, आणि उड्डाणाच्या चांचण्या धुळ्यास २०२० सालीं. नियमांच्या कागदांत गेलेलीं वर्षें बांधकामाच्या वर्षांशीं तोलावींत इतकीं आहेत. वहिनींनीं सर्व ऐकून एवढेंच विचारलें, "मग त्या घरचे पापड कुठें वाळत घालीत असतील?" पुतण्या हंसला, आणि घरांत बोलणें पुन्हां सुरू झालें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं नवे प्लग बसले. ते किती आंवळावयाचे याचें माप असतें, तें मापाच्या पान्यानें कारागिरानेंच घेतलें. उजव्यावर घट सत्तर. वहिनी बसल्या. त्या दिवशीं ऊन फार होतें, टांक्या भरलेल्या होत्या, आणि कारागीर परीक्षेसाठीं बरोबर जाणार होता, वजनाचा कागद पाहून पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही खालीं थांबाल कां?" मी थांबलों. पंचवीस मिनिटांनीं विमान उतरलें. वहिनी म्हणाल्या, वरून शेतें रांगोळीच्या ठिपक्यांसारखीं दिसतात आणि आवाज फार होतो. दशम्या त्यांनीं वरच वांटल्या होत्या. मला एक उरली.

देगलूरास परतल्यावर तो विद्यार्थी भेटला. त्यास सांगितलें कीं, चाकांत हवा पुतण्या स्वतःच भरतो; प्लगांना मात्र कारागीर शेजारीं असल्यावांचून हात लावीत नाहीं. चीर गेलेला प्लग वहिनींनीं मागून आणला आहे. स्वयंपाकघरांत फळीवर, जेथें ती बरणी असे, तेथेंच ठेविला आहे.