वापरून बघू या : खिशातला तंबोरा



गेल्या महिन्यात आमच्या शाळेत एक गंमत झाली. सकाळची प्रार्थना चालू होती. माझा फोन टेबलावर, त्यात तंबोऱ्याचं ॲप लावलेलं. मुलांचा 'सा' मस्त लागला होता. तेवढ्यात तंबोरा गप्प झाला आणि फोन खणाणला! कर्ज हवंय का, असं विचारणारा कुणीतरी होता. मागच्या रांगेतून आवाज आला, "बाई, तंबोऱ्याला फोन आलाय!" मग कसली प्रार्थना नि कसलं काय.

त्याच दिवशी शाळा सुटताना चौथीतल्या एका मुलीचे बाबा भेटले. म्हणाले, "बाई, आमच्या आईचा तंबोरा माळ्यावर पडून आहे. तारा गंजल्यात. फोनमध्ये फुकट मिळतंय, तर ते धूड कशाला ठेवायचं? देऊन टाकू का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "आठ दिवस थांबा. वापरून बघते आणि सांगते."

आपल्या सदराचं नावच तसं आहे ना! तर या वेळी चार गोष्टी तपासल्या. एक, फोनमधलं ॲप. दोन, तेच ॲप, पण ब्लूटूथ स्पीकरवर. तीन, एका शेजाऱ्यांकडून मागून आणलेली इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी. आणि चार, माळ्यावरून उतरवून, पुसून, नव्या तारा घातलेला आजीचा तंबोरा.

आधी थोडी ओळख. आपल्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, हे तुम्हांला ठाऊक असेलच. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे वाद्यं बनवायला सुरुवात केली, आणि आज त्यांच्या पुढच्या पिढ्या तेच काम करताहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून मोठाले भोपळे येतात, ते वाळवून त्यांचे तंबोरे नि सतारी होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'मिरजेचा तंबोरा' हे नाव आता कुणीही कुठेही लावू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक पेटी मात्र आली बंगळूरहून. जी. राज नारायण या इंजिनिअरांनी ती १९७९ साली तयार केली. पुढे फोन आले, नि पेटी फोनमध्ये शिरली.

शनिवारी शाळा सुटल्यावर सात मुलं थांबली. डोळ्यांना रुमाल बांधले आणि परीक्षा सुरू!

पहिली कसोटी खर्जाची. तंबोऱ्याच्या चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन 'सा'च्या आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची. आम्ही सूर काळी चारला ठेवला होता. तिथे 'सा'ची तार सेकंदाला सुमारे २०८ वेळा कापते, खर्जाची तार त्याच्या निम्मी, १०४ वेळा. एवढा खालचा आवाज काढायला मोठा पडदा लागतो. फोनचा स्पीकर असतो नखाएवढा! त्यामुळे फोनवर खर्ज बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला. स्पीकर जोडला तेव्हा बराच भरला. पेटीचा ठीक. आजीच्या तंबोऱ्याचा खर्ज मात्र मुलांनी कानाआधी पोटाने ओळखला. एकाने भोपळ्याला हात टेकवला होता. तो म्हणाला, "बाई, हा थरथरतोय!"

दुसरी कसोटी गंधाराची. खर्जाची तार चांगली जुळली असेल तर तिच्यातून 'ग' ऐकू येतो. गंधाराची तार तंबोऱ्यात नसतेच, बरं का! तरी तो येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार नुसती एका सुरात कापत नाही, ती त्याच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानेही कापत असते. त्यातला पाचपट म्हणजे हा गंधार. घोडीवर तार किंचित घासावी म्हणून तिच्याखाली दोरा सरकवतात, ती जवारी. जवारीमुळे हे लपलेले सूर बाहेर येतात. इथे मला आश्चर्य वाटलं. फोनवर गंधार चक्क ऐकू आला! ॲपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण होतं, आणि गंधार पुरेसा वरचा असल्यामुळे नखाएवढ्या स्पीकरलाही तो झेपला. पेटी जुनी होती, तिच्यात तो आलाच नाही.

तिसरी कसोटी टिकण्याची. यात ॲप पहिलं. तासभर लावून ठेवा, सूर हलत नाही. आजीच्या नव्या तारा मात्र दर दहा मिनिटांनी उतरत होत्या. शिवाय ॲप खिशात मावतं. तंबोरा एस.टी.त न्यायचा म्हणजे त्याला वेगळी सीट!

इथपर्यंत मी मनातल्या मनात उत्तर ठरवून टाकलं होतं. स्पीकर घ्या, ॲप लावा, झालं.

मग चौथी कसोटी घेतली. मी तंबोऱ्याची पंचमाची तार हळूच थोडी उतरवली आणि विचारलं, "कुठली तार चुकली?" सात मुलांपैकी पाच जण घरी ॲपवर गातात. सुरात गातात, हे मला माहीत आहे. पण त्यांना कुठली तार ते सांगता येईना. ज्या दोघांना वाद्य जुळवायची सवय आहे, त्यांनी लगेच सांगितलं. मग मी स्वतः ती तार परत जुळवायला बसले. काय सांगू! वर्षभर मी रोज ॲप लावते, पण खुंटी पिळता पिळता घाम फुटला. शेवटी त्या दोघांतल्या एकीने मणी सरकवून तार लावून दिली. दहा वर्षांची पोर!

सात मुलांवरून मोठा निष्कर्ष काढायचा नसतो. पण माझ्यापुरतं मला कळलं. ॲप आपल्याला सूर तयार करून देतं. तंबोरा म्हणतो, तूच शोध. आणि शोधताना कान तयार होतो.

मग ज्यांच्या घरी तंबोरा नाही त्यांनी काय करायचं? निराश होऊ नका. ॲपलाच कामाला लावा.

करून पाहा : दोन फोन घ्या. दोन्हींवर एकच ॲप, दोन्हींचा सूर काळी चार. ॲपमध्ये तो 'जी शार्प' असा दिसेल. मित्राला एका फोनचा सूर वीस सेंटने सरकवायला सांगा. (दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट.) दोन्ही एकदम लावा. आवाजात लाटा येतील, सेकंदाला दोन-तीन. आता आकड्याकडे न बघता, नुसतं ऐकून तो सूर परत जागेवर आणा. लाटा मंदावतील आणि सूर जुळले की थांबतील. गल्लीतले कारागीर तार लावताना हेच ऐकत असतात.

पालकांनो, तुमच्यासाठी थोडं. फुकट ॲपमध्ये मधेच जाहिरात येऊ शकते, ते तपासून घ्या. बरीचशी ॲप एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात, म्हणून रियाजाच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर आमच्यासारखं होईल! नवीन पेटी घेण्याची घाई नको. फोन आणि एक बरा स्पीकर रोजच्या रियाजाला पुरतो.

माझे गुण : नुसतं ॲप, दहापैकी सहा. ॲप आणि स्पीकर, आठ. जुनी पेटी, पाच. आजीचा तंबोरा, सोयीला तीन आणि शिकवण्याला दहा.

त्या बाबांना मी एवढंच सांगितलं की ॲप असताना तंबोरा नको असं नाही, उलट दोन्ही असलेलं तुमचं घर नशीबवान आहे. ते काही बोलले नाहीत. पण रविवारी तंबोरा स्कूटरवर आडवा धरून बापलेक गल्लीत गेले, जवारी काढून घ्यायला. परत आल्यावर तो माळ्यावर जातो की खोलीत उभा राहतो, ते कळलं की तुम्हांला सांगीनच.

तोपर्यंत लाटा थांबवायचा प्रयोग करा, आणि कितव्या प्रयत्नाला थांबल्या ते मला लिहा.

तुमच्या,
मिरजेच्या बाई