वॉलपेपर लॉक झालाय? कुलूप तोडण्याआधी मेसेज वाचा



मागच्या महिन्यात टॉवेलचा व्यापार करणारे एक काका घरचा सीपीयू रिक्षात घालून दुकानात आले. "सर, एवढासा फोटो बदलत नाही बघा." मुलीला गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वजांचा फोटो डेस्कटॉपवर लावायचा होता. पर्सनलायझेशनचं अख्खं पान फिकट करडं, क्लिकच होत नव्हतं. पुतण्याने कुठलातरी व्हिडिओ बघून अँटिव्हायरस बंद केला आणि एक 'अ‍ॅक्टिव्हेटर' उतरवून चालवला. तीन दिवस फोटो दिसला. मग परत कुलूप, आणि आता अँटिव्हायरस चालूच होईना.

त्याच मशीनवर काकांचं टॅली होतं. जीएसटी रिटर्न तिथूनच, बँकेचं लॉगिनही तिथूनच. एका फोटोपायी धंद्याच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हातात दिल्यासारखंच झालं हे.

माझं म्हणणं असं, की वॉलपेपर लॉक होणं हा आजार नाही, तो ताप आहे. या कॉम्प्युटरवर हुकूम कोणाचा चालतो, हे तो सांगतोय. पानाच्या वरच्या बाजूला एक ओळ लिहिलेली असते, ती कोणी वाचतच नाही. 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' असं लिहिलं असेल तर लायसन्सचा प्रश्न आहे. 'काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल तर प्रकरण वेगळं. दोन्हींवर एकच औषध देणारा व्हिडिओ दिसला तर पुढे सरका. (माझा असला तरी!)

संस्थेचा मेसेज घरच्या मशीनवर कसा येतो? बाजारात स्वस्तात मिळणारे बरेचसे सेकंडहँड डेस्कटॉप मोठ्या ऑफिसांतून निघालेले असतात, आणि नीट फॉरमॅट न करता विकले तर जुन्या ऑफिसचे नियम आतच राहतात. रजिस्ट्रीत 'नो चेंजिंग वॉलपेपर' अशी नोंद १ वर असली की संपलं. कधी मुलाने वर्क फ्रॉम होमसाठी कंपनीचं अकाउंट जोडताना 'माझ्या संस्थेला हे मशीन सांभाळू द्या' ही टिक तशीच ठेवलेली असते. अकाउंट्समध्ये 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडून बघा. आपल्या कामाचं नसलेलं खातं तिथे असेल तर डिस्कनेक्ट करा. मुलगा अजून त्याच कंपनीत असेल तर आधी त्याला विचारा. नुसती रजिस्ट्री बदलली तर कंपनीचा नियम परत येऊन बसतो.

दोन्ही मेसेज नाहीत आणि मागे नुसता काळा रंग? मग विंडोज १० मध्ये ईझ ऑफ अ‍ॅक्सेसच्या डिस्प्लेत 'शो डेस्कटॉप बॅकग्राउंड इमेज' बंद आहे का ते बघा. एका बटणाचं काम.

आता लायसन्सचं. इथे मला आमच्याच लाइनबद्दल बोलायचंय. दुकान नवीन होतं तेव्हा मीही क्रॅक विंडोज टाकून दिलंय. गिऱ्हाईक विचारत नव्हतं, मी सांगत नव्हतो. बीबीएला कॉस्टिंग शिकलो, पण हा खर्च आपण गुपचूप गिऱ्हाइकाच्या खात्यावर टाकतोय, हे कळायला वेळ लागला.

गंमत म्हणजे काकांना ती गरजच नव्हती. विंडोज ८ पासून पुढे, कंपनीकडून विंडोजसह आलेल्या बहुतेक ब्रँडेड मशीनची लायसन्स की मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. काकांचं मशीन मुळात विंडोज १० प्रोचं. विकणाऱ्याने घाईत दुसरीच कॉपी ओतली होती. मी आधी टॅलीचा डेटा बाहेर काढला, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घेऊन पेनड्राइव्हने कोरं टाकलं. इंटरनेट जोडल्यावर मशीन आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. बँकेचा पासवर्ड मात्र काकांना दुसऱ्या मोबाइलवरून बदलायला लावला.

असेंबल्ड मशीन असेल तर अशी की सहसा नसते, तिथे लायसन्स विकतच घ्यावं लागतं. तोवर फोटोवर राइट क्लिक करून 'सेट अ‍ॅज डेस्कटॉप बॅकग्राउंड' करून बघा, अ‍ॅक्टिव्हेट नसलेल्या विंडोजवरही ते बहुतेक वेळा चालतं. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करायची गरज नाही.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुनी मशीन आणखी स्वस्तात येणार आणि हा लॉकचा प्रकार वाढणार, असा माझा अंदाज आहे. सेकंडहँड घेताना दुकानात उभं राहूनच अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडायला लावा. विंडोज १० मध्ये ते 'अपडेट अँड सिक्युरिटी'त, ११ मध्ये 'सिस्टीम'मध्ये. आणि विंडोजचं नाव, लायसन्स आहे की नाही, हे बिलावर लिहून मागा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा.

आमच्या बिलावर आता तो रकाना आहे. पहिल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं "लायसन्स नको, स्वस्तात द्या" म्हणून परत गेली. काका मात्र परवा भावाचं मशीन घेऊन आलेत. त्याचाही वॉलपेपर बदलत नाहीये.