वजन घटवावे, पण तराजूवर ठेवून

जड ती वस्तू टिकाऊ आणि हलकी ती तकलादू, असा आपल्या बाजारपेठेचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. पितळेचे भांडे घेताना गिऱ्हाईक ते आधी हातात तोलून पाहते. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र वारा उलट वाहू लागला आहे. जड गाडी हौसेने घ्यावयाची आणि वर्षाच्या आत तिचे मूळचे भाग काढून हलके भाग बसवावयाचे, ही तरुण पिढीची रीत झाली आहे. सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या आपल्या सभासद बंधूंना ही मागणी रोजच्या परिचयाची आहे. तिला आपण कसे उत्तर द्यावे, याविषयी चार शब्द लिहिणे अस्थानी ठरू नये.

दुचाकीशी या शहराचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपल्या उद्योगाचा प्रारंभ बेळगावातच सायकलींच्या दुकानाने केला. पुढे १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि मूळच्या इंग्लंडमधील बुलेट गाडीची बांधणी आपल्या देशात सुरू झाली. लष्कराच्या पसंतीची ही गाडी, लष्कराच्या सान्निध्यात वाढलेल्या आपल्या कॅम्पाला परकी कशी वाटणार? आजच्या ३५० सी.सी. बुलेटचे वजन सुमारे १९५ किलो आहे. हे वजन सपाट रस्त्यावर जाणवत नाही. चोर्ल्याच्या घाटातील वळणावर, किंवा खडे बाजाराच्या गर्दीत गाडी मागे ओढताना, ते चांगलेच जाणवते. म्हणून वजन कमी करण्याची इच्छा मुळात अवाजवी नाही.

प्रश्न हिशेबाचा आहे, आणि हिशेब हा तर आपला पिढीजात विषय. १९५ किलोच्या गाडीवर ७० किलोचा स्वार बसला म्हणजे एकूण भार २६५ किलो होतो. पुष्कळ खर्च करून गाडीचे दहा किलो घटविले, तर भारात शेकडा पावणेचारचा फरक पडतो. मागे ६० किलोची व्यक्ती बसली की तोच फरक शेकडा तीनवर येतो. उलटपक्षी, १३ लिटरची टाकी पूर्ण भरण्याऐवजी अर्धी भरली, तर जवळजवळ पाच किलो वजन काही न खर्चता उतरते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने लोखंडी पेट्या आणि शोभेचे जाड नळ काढून ठेवले, तर आणखी काही किलो जातात. हा सल्ला देण्यात आपला एक पैशाचाही नफा नाही. परंतु असा सल्ला देणाऱ्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक सहसा सोडत नाही.

यानंतर प्रत्यक्ष भागांचा विचार करू. सर्व किलो सारख्या मोलाचे नसतात. चाकाच्या कडेचे वजन पुढेही सरकते आणि फिरतेही. त्यामुळे वेग घेताना धावेवरील एक किलो जवळजवळ दोन किलोंइतका भार घालतो. तेव्हा वजन घटवावयाचे तर प्रथम चाकाचे घटवावे, हे शास्त्रशुद्ध आहे. परंतु येथेच गिऱ्हाइकाची फसगत होते. ‘अॅलॉय’ हे नाव ऐकले की ते चाक हलकेच असणार असे तो गृहीत धरतो. वास्तविक ओतीव अॅलॉय चाक तारांच्या चाकापेक्षा हलके असेलच असे नाही. कित्येकदा ते जडही भरते. अॅल्युमिनियमची धाव आणि पोलादी तारा ही जुनी जोडी वजनाला पुष्कळदा सरस ठरते.

बॅटरीचे उदाहरण निराळे आहे. शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी बसविली, तर दोन-तीन किलो वजन खरोखरच कमी होते. मात्र गाडीची विद्युतभरण व्यवस्था तिला मानवते की नाही हे मोजून पाहिल्यावाचून ती विकू नये. जुन्या गाड्यांत विद्युतदाब बेताल असतो, आणि अशा बॅटरीला तो सोसत नाही.

आता धोक्याच्या वस्तू. अॅल्युमिनियमचे वजन पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश असते, पण त्याचा ताठपणाही सुमारे तेवढाच कमी असतो. शिवाय एका मर्यादेखालचा ताण पोलाद वर्षानुवर्षे सोसते. अॅल्युमिनियम लहान ताणानेही कालांतराने थकते आणि मग अकस्मात तुटते. म्हणून आसाचे, ब्रेकचे किंवा पुढच्या फाट्याचे बोल्ट केवळ हलके म्हणून बदलणे हा जिवाशी खेळ आहे. अॅल्युमिनियमचे दातेरी चक्र हलके खरे, परंतु ते पोलादी चक्राच्या मानाने लवकर झिजते. शर्यतीत ते चालते. रोज निपाणीची फेरी करणाऱ्या तंबाखूच्या व्यापाऱ्याला ते परवडत नाही.

आणखी एक गोष्ट कुटुंबवत्सल वाचकांनी मनावर घ्यावी. वजन घटविण्याच्या नावाखाली मागच्या चाकावरील साडी-गार्ड आणि मागे बसणाऱ्याचा हातधरा काढून टाकण्याची चाल पडली आहे. नियमांनी हे दोन्ही भाग आवश्यक ठरविले आहेत, आणि ते मागे बसणाऱ्या आपल्याच लेकीसुनांसाठी आहेत. त्यांचे वजन ते किती! तेवढ्यासाठी पदर चाकात जाण्याचे भय पत्करणे शहाणपणाचे नव्हे. आवाज वाढविणाऱ्या पोकळ सायलेन्सरचीही तीच कथा. तो हलका असतो, कारण धूर शुद्ध करणारा आणि आवाज दाबणारा भागच त्यातून नाहीसा केलेला असतो. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांत फेरफार करण्यास मज्जाव करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्याचा अर्थ अधिक स्पष्ट केला आहे. दंड गाडीच्या मालकाला होतो हे खरे. पण तशी वस्तू विकणाऱ्याचे नाव गावात राहते.

यावर कोणी म्हणेल, ‘गिऱ्हाईक मागते ते आम्ही देतो, आम्ही न दिले तर शेजारचा देईल.’ हा युक्तिवाद जुना आहे, आणि अगदीच खोटाही नाही. तथापि शेजाऱ्याशी स्पर्धा करण्याचा एक सरळ मार्ग आपल्या हाती आहे. प्रत्येक दुकानात तराजू असतोच. मूळचा भाग आणि नवा भाग गिऱ्हाइकासमोर त्यावर ठेवावा. किती ग्रॅम उतरले, त्या प्रत्येक ग्रॅमला किती पैसे पडले आणि तो भाग किती वर्षे टिकेल, हे पावतीवर लिहून द्यावे. जो भाग या कसोटीस उतरणार नाही, तो फळीवर ठेवूच नये. या एका प्रथेने निम्मा खोटा माल बाजारातून आपोआप हटेल, असे आमचे मत आहे.

उद्यमबागेतील ओतशाळा आणि यंत्रशाळा वाहनांचे भाग घडविण्यात मुरलेल्या आहेत. बेळगावला अॅल्युमिनाचा मोठा कारखाना आहे, शेजारी कोल्हापूरचे ओतकाम आहे. कारागिरांची येथे वाण नाही. व्यापाऱ्यांनी केवळ बाहेरचा माल आणून न विकता, तपासून प्रमाणित केलेले हलके भाग येथेच घडविण्याची मागणी या कारखानदारांकडे एकत्रितपणे नोंदवावी. पहिली पायरी म्हणून सुट्या भागांच्या सभासदांनी आगामी वार्षिक सभेत वजन लिहिलेल्या पावतीचा ठराव चर्चेस घ्यावा, ही नम्र सूचना.