'आखाजी' तळटीपेत मावत नाही

भुसावळहून तापी ओलांडून यावल-रावेरच्या वाटेला लागले की केळीबागांच्या गावांतून जी लेवा बोली कानांवर येते, ती अहिराणी नव्हे. हे वाक्य खरे तर लिहावे लागू नये. तरीही त्याच बोलीत गाणी रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी यांची 'अहिराणी कवयित्री' अशी ओळख वर्गांतून, व्याख्यानांतून आणि परीक्षेच्या मार्गदर्शिकांतून बिनदिक्कत करून दिली जाते. आम्हीही विद्यार्थिदशेत ती उत्तरपत्रिकेत लिहिली आणि पुढे शिकवताना खोडली नाही. तेव्हा या लेखातल्या आरोपींत पहिले नाव आमचेच आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याचा. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरोटावर राबताना त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. या गाण्यांची भाषा लेवा गणबोली आहे. अहिराणीचे नांदते क्षेत्र धुळे, नंदुरबार, अमळनेर, पारोळा, बागलाण या बाजूचे. 'माले', 'तुले' ही रूपे किंवा 'डोळा'चा 'डोया' दोन्हीकडे ऐकू येतो. घोटाळा होतो तो तिथे. पण अहिराणी 'रामना' म्हणते आणि 'आहे'च्या जागी 'शे' वापरते. लेवा बोलीत षष्ठीचा 'चा' टिकून आहे आणि 'शे' नाही. प्रत्ययांकडे पाच मिनिटे लक्ष दिले तरी हा भेद ध्यानात येतो. ती पाच मिनिटे आम्ही दिली नाहीत. एका बोलीचे नाव पुसताना दुसरीवर नको ते ओझे लादले आणि दोघींवरही अन्याय केला.

यावर प्रतिप्रश्न ठरलेला असतो : नावाने असे काय बिघडते? कविता कळल्याशी कारण.

कविता कळते का, हाच तर आमचा प्रश्न आहे. 'आखाजी' हा शब्द घेऊ. पाठ्यपुस्तकी पद्धतीने त्याची तळटीप द्यायची तर 'अक्षय्य तृतीया' असे लिहून मोकळे होता येते. अर्थ चूक नाही. तरीही तो वाचून विद्यार्थ्याला काहीही कळलेले नसते. खानदेशात आखाजी हा माहेरवाशिणींचा सण. सासरी वर्षभर राबलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पण याच दिवशी सालदाराचे वर्षही संपते. जुना हिशेब मिटतो, नवे साल ठरते. कोण कोणाच्या शेतात राहणार आणि किती दाण्या-पैशांवर, हे ठरते. एकाच दिवशी एकीच्या कष्टाला चार दिवसांची सुटी मिळते आणि एकाचे कष्ट वर्षभरासाठी नव्याने बांधले जातात. गावाचे नाते आणि गावाची मजुरी एका शब्दात अशी शेजारी बसलेली असताना आम्ही मुलांच्या हाती पंचांगातली तिथी ठेवतो. झोका दिसतो, सालदार दिसत नाही.

ज्याला आम्ही ग्रामीण साहित्याचा अभ्यास म्हणतो, त्याचे मर्म पुष्कळदा 'बोलीचा गोडवा' या दोन शब्दांत आटोपते. गोडवा! जी भाषा दळणाची, निंदणी-खुरपणीची, विहिरीच्या मोटेची आणि उधारीची आहे, ती ऐकणाऱ्याला केवळ गोड लागत असेल, तर त्याने ती चाखली आहे, ऐकलेली नाही. आमच्या मते हे कौतुक म्हणजे तुच्छतेचेच सभ्य रूप होय.

इतिहासाच्या अभ्यासातही तेच. राष्ट्रीय काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला झाले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते आणि तिथे शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला, हे स्पर्धापरीक्षेचा कोणताही उमेदवार सांगेल. मात्र त्या मांडवाभोवतीच्या शेतांत तेव्हा कोण राबत होते, कोणत्या करारावर, याचे उत्तर त्याच्या पुस्तकात नसते. गाव आले ते पत्त्यापुरते. 'कोसला' (१९६३) वाचतानाही पांडुरंग सांगवीकर पुण्यात काय करतो यावर आम्ही तासन्‌तास बोललो, अस्तित्ववादाच्या कोष्टकात त्याला बसवून पाहिले; त्याच्या आडनावातली सांगवी मात्र पार्श्वभूमी म्हणून सोडून दिली.

पण 'लेवा' हे नाव परत मिळवले की न्याय झाला, असे समजणे ही दुसरी चूक ठरेल. बहिणाबाईंना एका समाजाच्या मेळाव्यातली तसबीर करून टाकण्याचा उत्साह आम्हाला तितकाच घातक वाटतो. या पट्ट्यातले गाव एका जातीचे नाही. सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी, तापीकाठचे कोळी, गावकुसाबाहेर ठेवलेले दलित, केळीचे घड डोक्यावरून वाहून गाडीत भरणारे मजूर, या सर्वांच्या श्रमावर ते उभे आहे. बोलीचे नाव जमीनमालकांच्या जातीवरून पडले असेल; बोली तेवढ्यांचीच नसते. सालदाराच्या तोंडी 'आखाजी' या शब्दाचा अर्थ काय, हे मालकाच्या ओसरीवर बसून कळणार नाही.

मग करायचे काय? मराठीच्या प्रत्येक विभागाने निदान एक काम अंगावर घ्यावे. भुसावळ, सावदा, निंभोरा, रावेर या स्थानकांवर विद्यार्थ्यांनी उतरावे आणि शब्द गोळा करावेत; सुटे नव्हे, कामासकट. 'नवती', 'पिलबाग', 'कांदेबाग' हे केळीचे शब्द बाजारभावाच्या तक्त्यात रोज छापले जातात. मराठीच्या किती पदवीधरांना त्यांतला फरक सांगता येईल? शब्द कोणी सांगितला, ती बाई की पुरुष, मालक की मजूर, हे शब्दाइतकेच काळजीपूर्वक नोंदवावे. घरोटाची जागा गिरणीने आणि मोटेची पंपाने केव्हाच घेतली. ते काम हाताने केलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.

बहिणाबाईंचे नाव २०१८मध्ये विद्यापीठाला मिळाले. योग्यच झाले. आता त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने तरी 'आखाजी'पुढे केवळ 'अक्षय्य तृतीया' लिहिल्यास त्याला पूर्ण गुण देऊ नयेत. आणि पेपर तपासणारे आम्हीच असू, तर आधी आमचे उत्तर तपासून घ्यावे.