पैलवानालाही बाजू मांडू द्या

यात्रा म्हटली की आपल्या खान्देशात पाळणे, गोडीशेव, लोकनाट्य आणि शेवटच्या दिवशी कुस्त्यांची दंगल हे ठरलेलेच. आखाजीच्या आसपास कपाशीची शेते मोकळी असतात. हाताला काम कमी आणि गावात पाहुणे जास्त, असे ते दिवस. तेव्हा नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत सारा गाव फडाभोवती बसून राहतो. याच मातीतून चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचा विजय चौधरी निघाला. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे त्याने महाराष्ट्र केसरीची गदा आणली. त्यामुळे कुस्ती हा पुण्या-कोल्हापूरचा विषय, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही.

निमित्त आहे २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचे. गादी गटाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, चित्रीकरण पाहा, असा राक्षेचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. वाद वाढला, राक्षेने पंचाची गचांडी धरली आणि लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडनेही एका गुणावरून पंचांशी वाद घालून मैदान सोडले. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी जाहीर केली. निर्णय बरोबर की चूक हे तपासायला चौकशी समिती नेमली गेली ती त्यानंतर.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पंचाला लाथ मारणे हा गुन्हाच आहे. राक्षे साधा पोरगा नव्हता, दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल होता. लहान पोरे त्याच्याकडे पाहून लंगोट बांधतात. अशाला शिक्षा झालीच पाहिजे, यात दुमत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. शिक्षा कोणी दिली, किती वेळात दिली आणि देण्याआधी त्याला काय विचारले?

आमच्या कामातली पद्धत

मी कृषी विस्तार अधिकारी. कुस्तीतला जाणकार नाही. पण आरोप, तपासणी आणि कारवाई यांच्याशी आमचा रोजचा संबंध येतो. एखाद्या कृषी केंद्रातून कपाशीचे बियाणे घेतले आणि ते उगवले नाही, तर शेतकरी चिडतो. त्याचे चिडणे खरेच असते. पेरणी वाया गेली, खत वाया गेले, हंगाम गेला. दुकानाचे शटर आजच पाडा, असे तो म्हणतो. आम्हाला मात्र तसे करता येत नाही.

तक्रार लेखी घ्यावी लागते. तालुक्याची समिती शेतावर जाते. तीत कृषी अधिकारी असतात, विद्यापीठाचा शास्त्रज्ञ असतो, महाबीजचा माणूस असतो. शेतकऱ्याला आणि कंपनीच्या प्रतिनिधीला, दोघांनाही बोलावतात. रोपे मोजतात, ओल पाहतात, पेरणी किती खोल झाली ते पाहतात आणि बांधावर पंचनामा करतात. दोष बियाण्याचा की पावसाच्या खंडाचा, हे सर्वांसमोर तपासले जाते.

नमुना काढायची रीतही पाहण्यासारखी आहे. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार निरीक्षक नमुना घेतो, तेव्हा त्याचे तीन भाग करून सील करतो. एक भाग ज्याच्याकडून नमुना घेतला त्यालाच देतात, दुसरा प्रयोगशाळेत जातो आणि तिसरा राखून ठेवतात. पहिल्या अहवालावर वाद झाला आणि प्रकरण कोर्टात गेले, तर राखलेला नमुना केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवता येतो. परवाना रद्द करायचा तर दुकानदाराला आधी नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि नंतर वरच्या अधिकाऱ्याकडे अपिलाची वाट मोकळी ठेवावी लागते.

ही कटकट वाटते खरी. शेतकरी आम्हाला म्हणतात, 'साहेब, तुम्ही दुकानदाराला सांभाळता.' पण ही पद्धत दुकानदाराच्या लाडासाठी नाही. कच्च्या कारवाईला कोर्टात पहिल्याच तारखेला स्थगिती मिळते आणि खरा दोषी सुटून जातो. पक्क्या कागदावर केलेली कारवाई मात्र टिकते. बियाण्याच्या पाकिटासाठी कायदा एवढी काळजी घेतो, तर ज्याच्या मांडीत दहा वर्षांची मेहनत आहे त्या पैलवानासाठी निदान तेवढी तरी घ्यायला नको का?

तीन वर्षे म्हणजे किती?

कागदावर तीन वर्षे लिहायला अर्धी ओळ लागते. पैलवानाच्या आयुष्यात मात्र त्याचे मोल फार. त्याचा उमेदीचा काळ वीस ते तीस, फार तर बत्तीस. त्या दहा-बारा हंगामांतले तीन गेले. खुराक बंद करता येत नाही. दूध, तूप, बदाम, थंडाई यांचा खर्च चालूच राहतो. इनाम आणि मानधन मात्र थांबते. त्याच्यामागे बहुधा शेतकरी बाप असतो. त्याने बैलजोडी विकलेली असते, नाही तर सोसायटीचे कर्ज थकवलेले असते. शेतकऱ्याचे सलग तीन खरीप बुडाले तर घराची काय गत होते, हे या पानाच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

म्हणून शिक्षा दोन प्रकारची मानावी. मैदानावर गोंधळ झाला की पंचाने जागच्या जागी खेळाडूला बाहेर काढावे. तो अधिकार हवाच, नाही तर दंगल चालायची नाही. पण पुढची महिनोन्‌महिन्यांची, वर्षांची बंदी ही वेगळी गोष्ट आहे. ती द्यायला घाई कशाला? गुलाल खाली बसू द्या, लेखी आरोप द्या, आठ दिवसांनी सुनावणी ठेवा, चित्रीकरण सर्वांसमोर लावा. आणि ज्या संघाच्या पंचाच्या निर्णयावरून भांडण झाले, त्याच संघाच्या माणसांनी एकट्याने न्याय करू नये. आपल्या बांधाच्या भांडणात आपणच पंच व्हायचे नसते, हे गावातले शेंबडे पोरसुद्धा सांगेल.

क्रिकेटची श्रीमंती, तीच गत

हे फक्त गरीब खेळात घडते असे समजू नका. २०१३ च्या आयपीएलमध्ये स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून श्रीशांत आणि मुंबईचा अंकित चव्हाण यांच्यावर क्रिकेट मंडळाने आजीवन बंदी घातली. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना फौजदारी खटल्यातून मुक्त केले, पण मंडळाने बंदी उठवली नाही. श्रीशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने मंडळाचा शिक्षेचा अधिकार मान्य केला, पण आजीवन बंदी रद्द करून शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. मग मंडळाच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. अंकितची शिक्षाही सात वर्षांची झाली, पण ते ठरले २०२१ मध्ये. म्हणजे त्या हिशोबाने बंदीची मुदत संपून गेल्यावर!

ते निर्दोष होते असे मी म्हणत नाही. पण जी शिक्षा आठ वर्षांनी 'जास्त होती' म्हणून कमी करावी लागते, ती २०१३ मध्येच नीट मोजून का दिली गेली नाही? कोर्टाची पायरी चढायला पैसा लागतो, वकील लागतो. पारोळ्याचा किंवा साक्रीचा कबड्डीपटू कुठल्या कोर्टात जाणार?

उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीत मात्र आमच्या तीन पुड्यांसारखी रीत आहे. नमुन्याचे अ आणि ब असे दोन भाग करतात आणि ब नमुना उघडताना खेळाडू हजर राहू शकतो. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव २०१६ मध्ये या चौकशीत सापडला. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवले, असे त्याचे म्हणणे होते. देशातल्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य केले. पण जागतिक संस्थेने अपील केले आणि रिओ ऑलिम्पिकमधल्या त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी दिली. निकाल कडक होता, अनेकांना पटला नाही. तरी दोन ठिकाणी सुनावणी झाली, दोन्ही बाजूंचे म्हणणे लेखी आले. हरलेल्यालाही आपण कशामुळे हरलो ते कळले. हे थोडे नाही.

दाद मिळाली म्हणून पदक मिळाले

काही जुनी मंडळी म्हणतात, अपील-बिपील शहरी थेरं आहेत, मातीत पंच म्हणेल ते खरे. त्यांना खाशाबा जाधवांची आठवण देतो. १९५२ च्या ऑलिम्पिक निवडीच्या वेळी आपल्याला गुणांत डावलले, अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत, त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी जिंकली. पुढे हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी आणले. त्या वेळी 'पंच म्हणेल ते खरे' म्हणून फाईल बंद केली असती, तर गोळेश्वरचा तो पैलवान घरीच बसला असता.

शिवाय आंतरराष्ट्रीय कुस्तीतही एकट्या पंचाचा शब्द अखेरचा नसतो. गादीवर एक पंच, बाजूला दुसरा आणि त्यांच्यावर गादीप्रमुख असतो. चितपट द्यायची तर पंचाला दोघांपैकी एकाची संमती घ्यावी लागते. गुणांचा निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक चित्रीकरण पाहण्याची मागणी करतो. मागणी फोल ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, म्हणून उगाच कोणी मागत नाही. सोय आहे आणि तिची किंमतही आहे. अशी वाट मोकळी असली की हात-पाय चालवायची वेळ सहसा येत नाही.

आपल्या यात्रेत काय करता येईल?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. चांगलेच आहे. पण दिल्लीचे न्यायाधिकरण गावच्या दंगलीत येणार नाही. तिथे यात्रा कमिटीनेच चार गोष्टी कराव्यात.

पहिली, नियम आणि शिक्षा एका कागदावर लिहून आदल्या दिवशी फडाजवळ लावाव्यात. दुसरी, मोठ्या इनामाच्या कुस्तीला दोन बाजूंनी मोबाईलवर चित्रीकरण करावे. आता खिशाखिशात कॅमेरा आहे, खर्च शून्य. तिसरी, बंदीचा विषय आला तर त्याच दिवशी ठरवू नये. पैलवान, त्याचा वस्ताद आणि पंच यांना समोरासमोर बसवून ऐकावे, आणि ऐकणाऱ्यांत शेजारच्या गावचा एक जाणता वस्ताद असावा. चौथी, निर्णय कारणासह लेखी द्यावा आणि फेरविचाराला पंधरा दिवस ठेवावेत. हेच नियम कबड्डीला आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धांनाही लावता येतील. वय लपवले, दोन संघांकडून खेळला, असे आरोप तिथे दर मोसमात होतात आणि पोरे एका फटक्यात 'बाद' होतात.

याने पंचाचा मान कमी होईल, ही भीती खोटी आहे. आमचा पंचनामा सर्वांसमोर होतो, म्हणूनच त्याला वजन असते. पंचाचा निर्णय तपासला आणि बरोबर निघाला, तर त्याचा मान दुप्पट होतो. चूक निघाली, तर एका पोराचे आयुष्य वाचते. आपल्या अहिराणीत म्हातारी माणसे भांडण मिटवताना म्हणतात, 'आधी त्यानं म्हननं ऐकी ल्या.' एवढे एक वाक्य यात्रा कमिट्यांनी आणि मोठ्या संघांनीही पाळले, तरी पुष्कळ झाले.