गडचिरोलीचा अंधार कामी लावा

नोव्हेंबरात रात्री आठ-नऊच्या सुमारास भामरागडच्या जंगलपट्ट्यात आकाश निरभ्र असले, की उत्तरेला बरेच उंचावर एक लांबट, पुसट डाग नुसत्या डोळ्यांना दिसतो. ती देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. चंद्रपूर शहरातून तो दिसणे कठीण. वीजकेंद्र, खाणी आणि रस्त्यांवरचे दिवे मिळून तिथले रात्रीचे आकाश राखाडी करून टाकतात. गडचिरोलीने अंधार राखला म्हणण्यापेक्षा तो तिच्या वाट्याला आला. पण आलाच आहे, तर त्याचे विज्ञान व्हावे. देवयानीत वर्षाला अंदाजे ६५ नवतारे भडकतात. श्वेत बटू जोडीदार ताऱ्याकडून वायू ओढत राहतो आणि थर पुरेसा दाटला, की त्याचा एकाएकी भडका उडतो. यातला एक तर जवळपास दरवर्षी भडकतो. तो डिसेंबर २००८ मध्ये निशियामा आणि काबाशिमा या जपानी हौशी निरीक्षकांनी टिपला, तोही ४० सेंटीमीटरच्या दुर्बिणीने. एवढी दुर्बीण गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला झेपू नये?

लडाखमध्ये हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची ७० सेंटीमीटरची स्वयंचलित दुर्बीण असताना इथे वेगळी कशाला, असे कुणी विचारेल. पण हा नवतारा दोन-चार दिवसांत ओसरतो, आणि पश्चिमी झंझावाताने हिमालय ढगांत गेला, की तेवढे दिवस हातचे जातात. त्या वेळी विदर्भ बहुधा मोकळा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात देवयानीच्या हंगामाची सुरुवातच बुडते, हेही खरे. म्हणूनच दोन्ही ठिकाणे हवीत. याहून बोचरा आक्षेप वेगळा आहे: जिथे धड वीज टिकत नाही, तिथल्या माणसांना अंधार जपायला सांगणारे आपण कोण? वाघ-बिबट्यांच्या टापूत गावाच्या वेशीवर दिवा हवाच, त्यात वाद नाही. मात्र तो वाटेवर पडावा. झाकण नसलेला दिवा बराच उजेड आभाळात उधळतो आणि त्याचे बिल गाव भरते. विदर्भातलाच पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, तेव्हा ही गोष्ट परग्रहावरची नाही. सुरजागडच्या खाणीमुळे एटापल्लीकडे रात्रीचा उजेड वाढणारच. दिव्यांना झाकणे बसवायची, तर ती खांब उभे करतानाच बसवावीत.